टेनिसचा जमाखर्च आणि तालुक्याच्या गावच्या लेकी



३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतील टेनिसचा एक अंतिम सामना झाला. सामना मिश्र दुहेरीचा होता, म्हणजे दोन्ही बाजूंना एक पुरुष आणि एक स्त्री. समोर तैपेईची जोडी होती. पहिला सेट आपली जोडी २-६ असा सपशेल हरली. दुसरा सेट तिने ६-३ असा खेचून आणला. मग निकालासाठी दहा गुणांचा टायब्रेक झाला, तो १०-४ असा जिंकला आणि सुवर्णपदक भारताच्या गळ्यात पडले. त्या स्पर्धेत टेनिसमध्ये भारताला मिळालेले हे एकमेव सुवर्ण.

या जोडीतला एक खेळाडू होता रोहन बोपण्णा, वय ४३. तो पुढे काही महिन्यांतच दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेला. दुसरी होती ऋतुजा भोसले, वय २७. जन्म श्रीरामपूरचा.

श्रीरामपूर म्हणजे काही लंडन-पॅरिस नव्हे. गोदावरीच्या पलीकडचे, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले तालुक्याचे गाव. आपल्या सिल्लोडकडच्या अनेक घरांच्या सोयरिकी त्या भागात आहेत. पण त्या आठवड्यात आपल्या बसस्थानकावर, चहाच्या टपरीवर आणि कार्यालयातही बोलणे चालले होते ते क्रिकेटच्या विश्वचषकाचे. तो ५ ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता. श्रीरामपूरच्या लेकीचे नाव किती जणांच्या तोंडी आले असेल? आलेच असेल तर एवढेच, की "नशीब काढलं पोरीनं."

नशीब हा शब्द मला पटत नाही. मी कारकून माणूस, वाणिज्य शाखेचा पदवीधर. जिथे पदक दिसते तिथे मी आधी खर्चाची बाजू शोधतो. ऋतुजाच्या पदकामागे कोणता हिशेब आहे, तो कुणाला परवडतो आणि कुणाला परवडत नाही, हे आज मांडायचे आहे. कारण हा हिशेब कळल्याशिवाय आपल्या मुलींना "खेळा" म्हणणे हे पोकळ बोलणे ठरेल, आणि "खेळू नका" म्हणणे हा अन्याय ठरेल.

पदकाच्या दिवशी दिसतो तो शेवटचा एक तास. त्याआधीची वर्षे दिसत नाहीत. टेनिसमध्ये मुलगी साधारण सात-आठ वर्षांची असताना हातात रॅकेट घेते. मग दहा, बारा, चौदा, सोळा, अठरा अशा वयोगटांच्या स्पर्धा. त्यासाठी दर महिन्याला गावोगाव फिरणे. सोबत आई किंवा वडील हवेतच, म्हणजे घरातल्या एकाची रजा किंवा रोजंदारी बुडाली. चांगल्या रॅकेटला दहा-पंधरा हजार रुपये, आणि एकीवर भागत नाही. तिच्या तारा तुटतात, सैल पडतात, पुन्हा ओवाव्या लागतात. चेंडूतली हवा काही दिवसांत उतरते. बुटाचे तळवे सिमेंटच्या कोर्टावर घासून जातात. ऋतुजाचे वडील पोलीस खात्यात अधिकारी. घरात दरमहा पगार येत होता, पुण्यासारख्या शहरात कोर्ट आणि प्रशिक्षक होते. हे सांगण्यात तिची मेहनत कमी करण्याचा हेतू नाही. पण मेहनतीला उभे राहायला जमीन लागते, ती जमीन तिला मिळाली, हे आपण समजून घ्यावे.

आता अठरा वर्षांनंतरचा हिशेब पाहू. व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे १५,००० डॉलर बक्षिसाची स्पर्धा. आकडा ऐकून डोळे मोठे होतात. पण ही रक्कम एका मुलीला मिळत नाही. ती एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ मुली असतात. पहिल्याच सामन्यात हरणारीच्या हाती साधारण दीडशे डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये पडतात. त्यात तिने विमानाचे किंवा रेल्वेचे भाडे, आठवड्याचा मुक्काम, जेवण आणि रॅकेटच्या तारा भागवायच्या. भागेल का? तुम्हीच बेरीज करा.

क्रमवारीचे गुण हा आणखी एक कठीण प्रकार. बँकेत ठेव ठेवली तर ती राहते, वर व्याज मिळते. टेनिसचे गुण ५२ आठवड्यांनी खात्यातून वजा होतात. गेल्या वर्षी एखादी स्पर्धा जिंकली असेल तर यंदा तेवढीच कमाई पुन्हा करावी लागते, नाहीतर क्रमांक घसरतो. मध्ये आजारपण आले, पाय मुरगळला, तर ना पगारी रजा, ना भविष्य निर्वाह निधी.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानेच २०१३ या वर्षाचा अभ्यास करून काही आकडे काढले होते. त्या वर्षी जगभर ४,८६२ महिला व्यावसायिक स्पर्धांत खेळल्या. त्यांपैकी २,२१२ जणींना एक पैसाही बक्षीस मिळाले नाही. प्रशिक्षकाचा खर्च सोडून बाकीचा खर्च खेळातून निघावा, यासाठी महिलांमध्ये सुमारे २५३ वा क्रमांक गाठावा लागत होता. म्हणजे साऱ्या जगात अडीचशे जणींचे कसेबसे भागते, आणि उरलेल्या हजारो जणी घरच्या पैशावर किंवा कर्जावर खेळतात. विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शिरायलाही ढोबळमानाने पहिल्या अडीचशेतच असावे लागते. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडलेली अंकिता रैना २०२० च्या मार्चमध्ये एकेरीत १६० व्या क्रमांकावर पोहोचली होती. हा आकडा किती मोठा आहे, हे आता तुमच्या लक्षात येईल.

असा हा उंच चढ. मग ऋतुजा कोणत्या वाटेने चढली?

तिने शिक्षणाची वाट धरली. कनिष्ठ गटात नाव झाल्यावर ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली आणि तिथल्या संघातून खेळली. अमेरिकेत विद्यापीठांचे खेळ ही फार मोठी व्यवस्था आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या खेळाडूची फी, राहणे आणि जेवण विद्यापीठ सोसते. कोर्ट, प्रशिक्षक, व्यायामशाळा, दुखापतीवर उपचार, सामन्यांचा प्रवास हे सारे संघाकडून होते. त्या बदल्यात खेळायचे, आणि परीक्षाही पास व्हायची. नापास होणाऱ्याला संघात जागा नाही.

त्यामागे एक कायदा आहे, तो आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७२ साली अमेरिकेने असा कायदा केला, की ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिथे केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही कोणत्याही शैक्षणिक उपक्रमातून वगळता येणार नाही. खेळही त्यात आले. परिणाम पाहा. ऋतुजा शिकत होती त्या काळात वरच्या श्रेणीच्या विद्यापीठाला महिलांच्या टेनिस संघासाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि पुरुषांच्या संघासाठी फक्त साडेचार. मुलांच्या जागा अमेरिकन फुटबॉलमध्ये खूप जात, म्हणून तोल राखण्यासाठी इतर खेळांत मुलींना जास्त जागा ठेवाव्या लागत. कुणाच्या दयेने नव्हे, कायद्याच्या एका कलमाने जगभरच्या हजारो मुलींचे शिक्षण झाले. हक्क कागदावर लिहून घेण्याचे महत्त्व आपल्याला कुणी वेगळे शिकवायची गरज नाही. (२०२५ मध्ये या शिष्यवृत्त्यांचे नियम बदलले आहेत. ज्यांना पुढे चौकशी करायची असेल त्यांनी त्या त्या विद्यापीठाकडूनच ताजी माहिती घ्यावी.)

दुसरी वाट दाखवते बार्शीची प्रार्थना ठोंबरे. बार्शी हेही तालुक्याचेच गाव, सोलापूर जिल्ह्यातले, धान्याच्या बाजारपेठेचे आणि एके काळी बार्शी लाइटच्या छोट्या रेल्वेने ओळखले जाणारे. १९९४ साली तिथे जन्मलेली ही मुलगी पुढे हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत सरावाला गेली. २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाच्या जोडीने तिने महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये हीच जोडी उतरली. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई यांच्याशी गाठ पडली. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा ७-५ असा जिंकला, पण तिसरा ५-७ असा निसटला. सामना गेला, पण बार्शीची मुलगी ऑलिंपिकच्या कोर्टावर उभी राहिली. एवढ्यावर ती थांबली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी संकुलात बिली जीन किंग चषकाच्या आशिया गटाचे सामने झाले. त्या भारतीय संघात प्रार्थना होती. हा संघ गटात दुसरा येऊन पुढच्या फेरीसाठी पात्र ठरला. इंचॉननंतर अकरा वर्षे ती टिकून राहिली होती.

या दोघींच्या कारकिर्दीत एक गोष्ट समान दिसते. दोघींचे मोठे यश दुहेरीतले आहे. एकेरीत सारा भार एकीच्या खांद्यावर, आणि तिथली शर्यत सर्वांत महाग. दुहेरीत अनुभवी जोडीदार मिळाला तर तरुण खेळाडूला मोठ्या कोर्टावर उभे राहता येते. प्रार्थनाला सानिया मिळाली, ऋतुजाला बोपण्णा. कुणी म्हणेल, मग श्रेय त्या मोठ्यांचेच. तसे नाही. दुहेरीत समोरची जोडी नेहमी कमी अनुभवी खेळाडूवरच चेंडू मारते. तिथे जी टिकते तिचाच हात उंचावतो.

शिक्षण आणि खेळ एकत्र नेण्याचे आणखी एक ताजे उदाहरण पुण्याच्या वैष्णवी आडकरचे. २०२५ च्या जुलैमध्ये जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत तिने महिला एकेरीचे कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेत टेनिसचे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी भारताकडे होते ते १९७९ सालचे नंदन बाळ यांचे रौप्यपदक. मध्ये सेहेचाळीस वर्षे गेली.

आता आपल्या घरात येऊ. मागच्या पावसाळ्यात रविवारची बैठक संपल्यावर एका ताईंनी मला विहाराच्या पायरीवर थांबवले. त्या कापूस वेचायला जातात, मालक मोंढ्यात हमाली करतात. मुलगी सातवीत, पळण्यात शाळेत पहिली. ताई म्हणाल्या, "भाऊ, पोरीनं टीव्हीवर ते टेनिस पाहिलं. तवापासून फळीचा तुकडा घेऊन भिंतीवर चेंडू मारीत बसती. आमच्यासारख्याचं काम हाय का ते?"

हा प्रश्न त्या एकट्या ताईंचा नाही. "आमच्यासारख्याचं काम हाय का" हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी शाळेबाबतही ऐकले आहे. म्हणून "नाही" म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आणि वरचा जमाखर्च माहीत असल्यामुळे "खुशाल करा" असेही म्हणवले नाही. मी त्यांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो.

ताई, टेनिससाठी घर किंवा दागिना गहाण टाकू नका. पण मुलीचे मैदानही तोडू नका. बारा-तेरा वर्षांपर्यंत पळणे, उडी, खो-खो, बॅडमिंटन, जे गावात मिळेल ते तिला खेळू द्या. चपळ पाय आणि पक्की नजर कोणत्याही खेळात वाया जात नाही. भिंतीवर चेंडू मारते तर मारू द्या, ओरडू नका.

दुसरे, शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जाऊन भेटा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत दरवर्षी १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा होतात. त्यांत लॉन टेनिसही आहे. खेड्यापाड्यांतून या खेळाला नावेच कमी जातात. छत्रपती संभाजीनगरला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात टेनिसची कोर्टे आहेत. सिल्लोडहून अंतर सुमारे ६५ किलोमीटर, रोजचे जाणे-येणे जमणार नाही हे मान्य. पण सुट्टीत पंधरा दिवस नातेवाइकांकडे ठेवून शिबिराला पाठवणे जमू शकते. मुलीला खेळाची खरीच ओढ आहे की टीव्हीची हौस, हे त्या पंधरा दिवसांत कळेल.

तिसरे, प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण ठरावीक स्पर्धेत ठरावीक कामगिरी लागते आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. कार्यालयात बसून मी पाहतो, की आपल्या मुलांचे अर्ज गुणांपेक्षा कागदांवरून जास्त मागे पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, पण ठेवा.

चौथे, अभ्यास सोडू देऊ नका. अमेरिकन विद्यापीठांची वाट नववीपासूनच सुरू होते, कारण खेळाडूला प्रवेश देताना तिथे नववी ते बारावी अशा चार वर्षांचे विषय आणि गुण तपासतात. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. टेनिस जमले नाही तरी हा अभ्यास मुलीच्या पदरात राहतोच. रॅकेट हातातून सुटली तरी पदवी सुटत नाही.

एवढे ऐकून ताई म्हणाल्या, "आन् पैशाचं?" प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी त्यांना एका परदेशी मुलीची गोष्ट सांगितली.

अल्थिया गिब्सन ही १९२७ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतात राबणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मली. पोटासाठी घर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तिथे रस्त्यावरच लाकडी फळीने खेळायचा टेनिससारखा एक खेळ ती शिकली आणि बाराव्या वर्षी शहराची विजेती झाली. खरे टेनिस खेळायला क्लब लागतो, आणि क्लबला पैसे. १९४० साली वस्तीतल्या शेजाऱ्यांनी वर्गणी काढली आणि तिला कृष्णवर्णीयांच्या एका टेनिस क्लबचे सभासदत्व घेऊन दिले. पुढची भिंत रंगाची होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार तिच्यासाठी १९५० साली उघडले, तेही ॲलिस मार्बल या माजी गोऱ्या विजेतीने एका टेनिस मासिकात जाहीर लेख लिहून आयोजकांना जाब विचारल्यावर. १९५६ साली अल्थियाने फ्रान्सची स्पर्धा जिंकली, १९५७ आणि १९५८ साली विम्बल्डन आणि अमेरिकेची. इंग्लंडच्या राणीच्या हातून तिने विम्बल्डनचे तबक घेतले. त्या काळी हौशी खेळाडूंना बक्षिसाची रक्कम मिळत नसे, त्यामुळे पैशाची चणचण तिला पुढेही सोसावी लागली. पण तिने पाडलेल्या भिंतीतून नंतरच्या कित्येक मुली आत आल्या.

यात वर्गणी काढणारे शेजारी मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ते काही श्रीमंत नव्हते, आपल्यासारखेच हातावर पोट असलेले. आपण जयंतीला वर्गणी काढतो, मिरवणुकीचा खर्च नीट पार पाडतो, हिशेबही फलकावर लावतो. त्याच वहीत एक पान खेळणाऱ्या मुलींसाठी का असू नये? वर्षाला दोन मुलींचे बूट, शिबिराची फी आणि एसटीचे भाडे एवढी रक्कम कोणत्याही वस्तीला झेपेल. मुलींची निवड क्रीडाशिक्षकांनी करावी, ओळखीवर होऊ नये. आणि हिशेब दरवर्षी वाचून दाखवावा.

दुसरे काम मागणीचे. टेनिसच्या एका कोर्टाला, भोवतीची पळण्याची जागा धरून, साधारण १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद जागा लागते. लग्नाच्या मोठ्या मांडवाएवढी. पक्की सपाट फरशी, मध्ये जाळे, भोवती तारेचे कुंपण. टेनिस नसेल तेव्हा त्याच फरशीवर व्हॉलीबॉल होतो, बॅडमिंटन होते. क्रीडांगणासाठी निधीची चर्चा होते तेव्हा तालुक्यातल्या सरकारी जागेवर असे एक कोर्ट, सर्वांना खुले, मुलींसाठी वेळ राखून ठेवलेले, अशी लेखी मागणी आपल्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी करावी. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे. पदक मिळाल्यावर सत्कार करायला सगळेच पुढे येतात. पदकाच्या पंधरा वर्षे आधी लागते ती फरशी आणि ते जाळे, ते मागणारे लोक कमी पडतात.

ताईंच्या मुलीने ऋतुजासारखे सुवर्ण आणावे असा माझा आग्रह नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव जणी तिथे पोहोचत नाहीत, हे वरच्या आकड्यांनीच सांगितले आहे. पण मुलगी चांगली खेळते की नाही, हे तिच्या पायांनी आणि मनगटाने ठरवावे. ते तिच्या बापाच्या पाठीवरच्या पोत्याने ठरू नये. अर्जाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी रविवारी बैठकीनंतर मला भेटावे. कागद मी लिहून देईन, सह्या तुम्ही गोळा करा.